मदत हवी आहे: तीन करडांतलं एक शेळी पाजून घेईना

नमस्कार. आम्ही पन्हाळ्याच्या पायथ्याला राहतो. अंगणात उभं राहिलं की समोर जोतिबाचा डोंगर दिसतो. तीस गुंठे ऊस, दहा गुंठ्यांत भाजी आणि चारा, गोठ्यात एक पंढरपुरी म्हैस, तीन शेळ्या आणि मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्या, एवढाच आमचा पसारा. फाल्गुनात म्हैस व्याली. एक कोंबडी अकरा अंड्यांवर खुडूक बसली आहे. घरात सगळीकडं बाळंतपणंच चालली आहेत म्हणा ना. त्यात अडचण एकाच पिल्लाची आहे.

पाडव्याच्या आदल्या रात्री आमची उस्मानाबादी शेळी व्याली. तीन करडं झाली, दोन पाठी म्हणजे माद्या आणि शेवटी एक बोकड. तो फारच बारका, पिशवीत घालून काट्याला लावला तर एक किलो चारशे ग्रॅम भरला. अंग काळंभोर आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून पोरीनं त्याचं नाव टिकल्या ठेवलं. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तासाभराच्या आत चीक पिळून त्याला चमच्यानं पाजला. नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं. पहिले दोन दिवस शेळीनं तिघांनाही घेतलं.

तिसऱ्या दिवसापासून ती टिकल्याला उभंच करून घेईना. आज रामनवमी, दहावा दिवस.

होतं असं. मोठ्या दोघी उजवीकडून घुसतात आणि तिथला सड सोडतच नाहीत. हा बिचारा डावीकडं जातो, नाकानं कासेला दोन ढुशा देतो, सड तोंडात धरतो, शेपूट हलायला लागतं, तेवढ्यात शेळी डावा पाय उचलून झाडते. मग मान वळवून त्याच्या शेपटाखाली हुंगते आणि चार पावलं पुढं सरकते. तो पुन्हा जातो. मी एका सकाळी मोजलं, सात वेळा गेला. आठव्यांदा मागच्या पायांवर बसला आणि नुसता ओरडत राहिला. ते बघवत नाही हो.

आत्ती म्हणतात, "पोटच्या पोराला कोण उगंच लाथ मारतंय? तिला कायतरी हुतंय." मलाही तसंच वाटतं, पण काय होतंय ते कळेना. कास हाताला नेहमीसारखीच लागते. शेळी चारा खाते, रवंथ करते. फक्त साखर कारखाना बंद झाल्यापासून वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळत नाहीत, त्यामुळं शेवरीच्या पाल्यावर आणि थोड्या भरड्यावर भागवतोय.

सध्या बाटलीनं पाजतोय. आधी घरचं म्हणून म्हशीचं दूध दिलं, तर दुसऱ्याच दिवशी पातळ हगवण लागली. डॉक्टर म्हणाले, म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असतो, एवढ्याशा करडाला ते जड जातं. आता शेजारून गाईचं दूध आणतो. साठ मिलीची बाटली दिवसातून चार वेळा. हगवण थांबली आहे, वजन एक किलो सहाशेवर आलं आहे.

पहाटेची बाटली पोरगी देते. तिसरीत आहे, शाळा सकाळची झाली आहे, तरी पाचला उठून गोठ्यात जाते. काल मला म्हणाली, "आई, शेळीला टिकल्या आवडत नाही काय गं?" मला उत्तर देता आलं नाही.

माझे प्रश्न असे. दहा दिवसांनंतर शेळी करडाला परत घेते का, तुमच्याकडं कुणाच्या शेळीनं घेतलं आहे का? त्यासाठी काय केलंत? आणि नाहीच घेतलं तर बाटली किती दिवस द्यायची? पौर्णिमा सहा दिवसांवर आली आहे. ह्यांना जोतिबाच्या यात्रेला सासनकाठीबरोबर जायचं आहे, घरी यात्रेचे पाहुणे असणार, चार वेळच्या बाटल्या त्यात कशा सांभाळायच्या याची काळजी आहे. "बोकडच तर हाय, जगला तर जगला" असं वाडीतल्या दोघातिघांनी ऐकवून झालं आहे. तसा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद:
ताई, तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे असं वाटतं. ती करडाला मारत नाही, डाव्या सडाला तोंड लागलं की झाडते. उजवीकडच्या दोघींना काही करत नाही ना? डाव्या सडाच्या पहिल्या चार धारा काळ्या कापडावर काढून बघा. गुठळ्या किंवा पाणचट दूध आलं तर दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, सुरुवात आहे. कास हाताला बरी लागली तरी आत सुरू झालेली असते. घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. बाकी, शेळी पिल्लू वासावर ओळखते. तिचंच दूध चांगल्या सडातून काढून टिकल्याच्या शेपटाखाली आणि पाठीवर चोळा. मोठ्या दोघींना डालून ठेवा, शेळीला आखूड दाव्यानं बांधा, एकानं मागचा पाय धरावा आणि याला उजव्या सडाला लावावं. दिवसातून चार-पाच वेळा. आठवडासुद्धा लागतो, धीर सोडू नका. बाटली देताना त्याला मांडीवर उताणं घेऊ नका, दूध फुप्फुसात जातं. उभं ठेवून मान वर, आईखाली पितो तशी. दूध मनगटावर कोमट लागलं पाहिजे. दोन आठवड्यांचा झाला की कोवळा पाला समोर टांगा, चघळायला शिकतो. पण दूध अडीच-तीन महिने तरी तोडू नका.

धागाकर्ती:
चार दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच संध्याकाळी आत्तींच्या काळ्या पोलक्याच्या तुकड्यावर धारा काढल्या. उजवीकडचं दूध स्वच्छ. डावीकडच्या दुसऱ्या धारेला दह्याच्या कण्यांसारखे बारीक कण आले, आधी पोरीलाच दिसले. आत्ती काही बोलल्या नाहीत, शेळीच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिल्या. दहा दिवस ती दुखणं सोसत होती आणि मी तिलाच बोल लावत होते, याचं फार वाईट वाटलं.

सकाळी डॉक्टर आले, सडात औषधाची नळी सोडली, इंजेक्शन दिलं. त्या बाजूचं दूध ते सांगेपर्यंत पिळून टाकायचं आहे, करडांना द्यायचं नाही. वासाचा उपायही रोज करतोय. पहिले दोन दिवस पाय धरावा लागला. आज पहाटे मी पाय धरायला वाकले, तर पोरगी म्हणाली, "थांब आई, न धरता बघूया." टिकल्या उजवीकडून गेला. शेळीनं मान वळवली, हुंगलं आणि तशीच उभी राहिली. दोनेक मिनिटं प्याला असेल.

आता एक विचारायचं राहिलं. डावी बाजू बरी होईपर्यंत एका सडावर तिघं आहेत. टिकल्याच्या दोन बाटल्या चालू ठेवल्या तर तो आईकडं जायचा कंटाळा करेल का? की मोठ्या दोघींनाच थोडं वरचं दूध देऊन सड त्याच्यासाठी मोकळा ठेवू? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सांगा, परवा पौर्णिमा आहे.