जुनी डिझेल फोर बाय फोर : एबीएस आणि चेक इंजिनचे दिवे अधूनमधून लागतात, दोष सापडत नाही

मूळ प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची फोर बाय फोर गाडी असून ती १,९०,००० किलोमीटर चालली आहे. शेत राधानगरीच्या पुढे असल्यामुळे पावसाळ्यात रोज चिखलातून आणि दोनदा ओढ्यातून जावे लागते. जूनपासून एबीएसचा (ब्रेक मारताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा अधूनमधून लागतो. कधी त्याच्या जोडीला चेक इंजिनचा दिवाही लागतो आणि मग गाडीची ओढ इतकी कमी होते की घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो. चावी बंद करून पुन्हा सुरू केली की सारे पूर्ववत होते. आतापर्यंत पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आणि बॅटरी बदलून झाली. गॅरेजमध्ये दर वेळी कोड (गाडीने नोंदलेला दोषाचा क्रमांक) पुसून देतात आणि गाडी ठीक असल्याचे सांगतात. आता ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

प्रतिसाद १

ईसीयूला कृपया हात लावू नका. मी बरीच वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम केले आहे. ईसीयू बिघडल्याचे फार वेळा ऐकले, पण तो खरोखर बिघडलेला क्वचितच पाहिला.

इंजिन आणि एबीएस या दोन वेगळ्या यंत्रणा एकाच वेळी तक्रार करतात, तेव्हा दोघींमध्ये सामाईक काय आहे ते आधी पाहावे. सामाईक असतो तो बॅटरीचा पुरवठा आणि अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन आणि बॉडीशी असलेली जोडणी. अशा वयाच्या आणि चिखलपाण्यातल्या गाडीत इंजिनापासून चासीकडे जाणारी अर्थची पट्टी वरून धडधाकट दिसते, पण नट-बोल्टखाली आणि आवरणाच्या आत हिरवी पडून सडलेली असते. ती मल्टिमीटरवर ओहम लावून तपासली तर फसगत होते. मीटर तिच्यातून नगण्य विद्युतप्रवाह सोडतो, त्यामुळे दोनचार तारा शिल्लक असल्या तरी आकडा शून्याजवळ येतो. सेल्फ मात्र तिच्यातून शेकडो अँपिअर ओढतो.

म्हणून भार असताना व्होल्टेज मोजा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि लाल पिन इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा, आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थिंग कमकुवत आहे. नंतर इंजिन सुरू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून, तीच मोजणी बॉडीवर करा, तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त येऊ नये. त्याच वेळी बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का, तेही पाहून घ्या.

कोड मात्र लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका. कोडसोबत त्या क्षणीचा वेग, आरपीएम आणि तापमानही बहुधा साठवलेले असते, आणि अधूनमधून येणाऱ्या दोषात तोच खरा पुरावा असतो. स्वस्त ब्लूटूथ रीडर बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड दाखवतो, त्यामुळे एबीएससाठी त्या यंत्रणेपर्यंत पोहोचणारा स्कॅनर लागेल.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे, परंतु ब्रेक पेडलवरचा स्विच विसरू नये. अनेक गाड्यांत त्यात दोन संपर्क असतात आणि ईसीयू त्यांचे संकेत ताडून पाहतो. एक संपर्क झिजला की संकेत जुळत नाहीत आणि दिवे लागतात. हा स्विच फार महाग नसतो.

शिवाय ओढ कमी होण्यामागे विजेचाच दोष असेल असे नाही. पी००८७ हा कोड आला, तर रेलमधील (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) डिझेलचा दाब अपुरा पडत आहे, म्हणजे आधी डिझेल फिल्टर बदलावा आणि त्याच्या तळाचे पाणी काढावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरी यांच्यामध्ये १.१ व्होल्ट आले. गिअरबॉक्सजवळची पट्टी सोडवल्यावर तिच्या निम्म्याहून अधिक तारा हातातच तुटून आल्या. नवी पट्टी बसवली, बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून काढला, वरून पेट्रोलियम जेली लावली. आता आकडा ०.२ आहे. पुसण्याआधी वाचलेला इंजिनाचा कोड पी०५६२, म्हणजे कमी व्होल्टेजचा होता. ब्रेकचा स्विच ठीक निघाला. गेल्या तीन आठवड्यांत चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही आणि घाट पूर्वीसारखा चढतो. एबीएसचा दिवा मात्र अजूनही लागतो, आणि तो थांबण्याच्या बेतात, दहा-बारा किलोमीटरच्या वेगाला. कोड पुन्हा पुढच्या डाव्या चाकाचाच आहे.

प्रतिसाद १

म्हणजे गाडीत दोन स्वतंत्र दोष होते, आणि दुसऱ्याचा माग आपण दिलेल्या वेगातच आहे. जुन्या पद्धतीच्या चुंबकीय सेन्सरचा संकेत चाकाच्या वेगाबरोबर वाढतो आणि कमी वेगाला क्षीण होतो. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगला की सेन्सर चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी कड्यापासून किंचित वर उचलला जातो. वेगात ते जाणवत नाही, सावकाश चालताना मात्र संकेत तुटतो. नवा सेन्सर गंज न काढता बसवला असेल, तर दोष जसाच्या तसा राहणार.

सेन्सर काढून बैठक स्वच्छ करा. कड्याला तडा गेला आहे का आणि दात्यांमध्ये चिखल बसला आहे का, ते चाक पूर्ण फिरवून पाहा. मग चाक हाताने फिरवत सेन्सरच्या दोन टोकांवर एसी मिलिव्होल्ट मोजा आणि उजव्या चाकाच्या आकड्याशी तुलना करा. मोजत असतानाच स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवायला सांगा, कारण वळणाच्या जागी सेन्सरची वायर आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून अखंड दिसते. सेन्सर हॉल प्रकारचा (वीजपुरवठ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक) असेल, तर ही मोजणी लागू पडत नाही आणि ओहमही मोजू नयेत; त्याला स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र पाहावेत.

एबीएसचा पिवळा दिवा लागला तरी साधे ब्रेक काम करतात, पण ओल्या घाटात चाके लॉक होऊ शकतात, म्हणून अंतर अधिक ठेवा. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवा लागला, तर गाडी तिथेच थांबवून आधी ब्रेक ऑइलची पातळी पाहा.