मोटार, तंबू आणि होडी या तिन्हींसाठी एकच फिरता फ्रीज पुरेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मोटारीचा लांबचा प्रवास, तंबूतला मुक्काम आणि लहान शिडाची होडी अशा तिन्ही ठिकाणी नेता येईल असा एक फ्रीज घेण्याचा विचार आहे. त्याविषयी बरेच वाचले, पण वाचनाने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. म्हणून आमची गरज आणि मला जेवढे समजले आहे ते सविस्तर मांडतो. चुकत असेन तेथे जाणकारांनी दुरुस्त करावे.

आम्ही चौघे असतो आणि मुक्काम सहसा दोन-तीन रात्रींचा असतो. दूध, भाज्या, शिजवून उरलेले अन्न आणि कधी मासे एवढे सामान ५ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले म्हणजे पुरे. आइस्क्रीमचा हट्ट नाही. मात्र आमच्यापैकी एकांना इन्सुलिन घ्यावे लागते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि एकदा गोठले की ते टाकूनच द्यावे लागते, त्यामुळे जितके थंड तितके चांगले हा हिशेब आमच्याकडे चालत नाही. आतापर्यंत जाड भिंतींच्या बर्फपेटीवर निभावले. दुसऱ्या दिवसापासून तिच्यात पाणी साचते, डबे त्या पाण्यात तरंगू लागतात आणि आतले तापमान नेमके किती आहे याचा भरवसा राहत नाही.

मला समजले त्याप्रमाणे असे फ्रीज तीन जातींचे असतात. पहिली जात पेल्टियर परिणामावर (वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते त्यावर) चालणाऱ्या पेट्यांची. त्या हलक्या आणि स्वस्त असतात, पण बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १८ ते २० अंशच खाली जातात. म्हणजे बाहेर ३५ अंश असतील तर आत १५ अंशांच्या आसपास, आणि याला थंड ठेवणे म्हणावे की नाही हा प्रश्नच आहे. दुसरी जात शोषण तत्त्वावरच्या फ्रीजची; त्यांना गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज असे तिन्ही पर्याय चालतात आणि ते अजिबात आवाज करत नाहीत. तिसरी जात घरच्या फ्रीजसारखीच, फक्त १२ किंवा २४ व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची. ती सर्वांत महाग.

माझे मन दुसऱ्या जातीकडे झुकते आहे, कारण गॅसची टाकी असली की बॅटरीची चिंता राहणार नाही असे वाटते. हा विचार होडीवरही टिकेल का? किती लिटरचा फ्रीज घ्यावा? आणि कॉम्प्रेसरचाच घ्यायचा झाल्यास मोटारीच्या मूळ बॅटरीवर तो रात्रभर चालवता येईल का, की सकाळी इंजिन सुरूच होणार नाही?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

गॅसच्या फ्रीजचा विचार होडीपुरता तरी सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सुचवीन. शोषण तत्त्वाच्या फ्रीजमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन हे कोणत्याही पंपाशिवाय केवळ उष्णतेच्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या बळावर फिरत राहतात. १९२२ मध्ये फॉन प्लॅटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी काढलेली ही युक्ती आजही थक्क करणारी आहे, पण द्रव उतारावरून आपोआप वाहत राहावा ही तिची मूळ अट आहे. फ्रीज दोन-तीन अंशांहून अधिक कलला की अभिसरण अडखळते आणि थंडावा थांबतो. वाऱ्यावर चालणारी शिडाची होडी १५ अंश सहज कलते आणि तासन्‌तास तशीच राहते.

दुसरी बाब सुरक्षेची आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो होडीच्या तळाशी साचतो आणि खिडकी उघडली तरी बाहेर जात नाही. ज्योत बंदिस्त जागेत जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच, त्यामुळे हा फ्रीज गॅसवर असताना तंबूच्या आतही नको. चालत्या मोटारीत तर ज्योत पेटती ठेवायचीच नसते. तेथे तो १२ व्होल्टवर लावावा लागतो आणि मग ४० लिटरच्या आसपासचा फ्रीज ७५ ते ८५ वॅट अखंड खात राहतो. इंजिन बंद झाल्यावर एवढी भूक कोणतीही साधी बॅटरी फार वेळ भागवू शकत नाही. एकाच सपाट जागी आठवडाभर तळ ठोकणाऱ्यांसाठी मात्र, मोकळ्या हवेत ठेवायचा असेल, तर याच्यासारखा फ्रीज नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. आपली गरज पाहता कॉम्प्रेसरखेरीज पर्याय दिसत नाही, आणि त्याचे कारण विजेच्या हिशेबातच आहे. पेल्टियरची पेटी साधारण ४ अँपिअर घेते आणि ते अखंड घेते, म्हणजे चोवीस तासांत सुमारे १०० अँपिअर-तास (बॅटरीतून घेतलेल्या विजेचे माप: अँपिअर गुणिले तास). ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज चालू असताना जवळपास तेवढीच वीज घेतो, समजा ४५ वॅट म्हणजे पावणेचार अँपिअर. पण तापमान गाठल्यावर तो थांबतो. दिवसाचा एक तृतीयांश वेळ चालला असे धरले तर सुमारे ३० अँपिअर-तास झाले. कडक उन्हात आणि झाकण सतत उघडले तर हा आकडा ४० च्या पुढे जाईल, गार रात्री पुष्कळ खाली येईल. शिवाय हे फ्रीज ३० अंशांपर्यंतच्या कलाला दाद देत नाहीत. तरी खरेदीपूर्वी माहितीपत्रकातील कलाची मर्यादा वाचावीच.

मोटारीच्या मूळ बॅटरीवर रात्र काढण्याचा बेत मात्र करू नये. ती काही क्षण प्रचंड प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. हळूहळू खोलवर रिकामी करणे तिला सोसत नाही. बहुतेक कॉम्प्रेसर फ्रीजमध्ये बॅटरी-संरक्षणाच्या तीन पातळ्या असतात आणि त्यांतील वरची पातळी साधारण ११.८ व्होल्टला फ्रीज बंद करते. त्यामुळे सकाळी इंजिन सुरू होईल, पण फ्रीज मध्यरात्रीच बंद पडलेला असेल. इन्सुलिन असताना हे परवडणार नाही.

त्यासाठी वेगळी बॅटरी हवी. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी तिच्या आयुष्याचा विचार करून निम्मीच वापरावी, म्हणजे ५० हाती येतात, जेमतेम दीड दिवस. तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० अँपिअर-तास निर्धास्त घेता येतात, आणि वजन निम्म्याहून कमी. फक्त शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करायची नसते. अलीकडच्या पुष्कळ मोटारींचे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) इंधन वाचवण्यासाठी मधूनच व्होल्टेज उतरवतात, म्हणून दोन बॅटऱ्यांमध्ये डीसी-डीसी चार्जर (पहिल्या बॅटरीकडची वीज योग्य व्होल्टेजला आणून दुसरी भरणारे उपकरण) बसवून घ्यावा. नुसती वायर जोडली तर दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही.

धागाकर्ता

दोन्ही प्रतिसाद फार उपयोगी आहेत. गॅसचा विचार सोडला.

बॅटरी मोटारीच्या पुढच्या भागात आणि फ्रीज डिकीत असेल, तर मधल्या वायरचा काही प्रश्न येतो का? डिकीत लाइटरसारखा सॉकेट आधीपासून आहे, त्यालाच जोडण्याचा विचार होता. सौर पॅनेल घ्यावे का, हेही सांगावे.

प्रतिसाद ३

वायरचा प्रश्न येतो, आणि फ्रीज सदोष म्हणून परत केले जाण्यामागे पुष्कळदा तोच असतो. हिशेब करून पाहा. अंतर ५ मीटर धरले तर जाऊन-येऊन १० मीटर तांबे झाले. मूळ वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध सुमारे ०.१२ ओम होतो आणि ५ अँपिअरला जवळपास ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीवर १२.३ व्होल्ट असताना फ्रीजला ११.७ दिसतात आणि तो बॅटरी संपली असे समजून बंद होतो. प्रत्यक्षात ती निम्म्याहून अधिक भरलेली असते. हेच अंतर ६ चौरस मिलिमीटरच्या वायरने जोडले तर घट ०.१५ व्होल्टवर येते.

लाइटरच्या सॉकेटचा दोष वेगळा आहे. खराब रस्त्यावर त्यातली पिन हादऱ्यांनी हळूहळू मागे सरकते, स्पर्श सैल होतो आणि तेथे उष्णता निर्माण होऊ लागते. तासभर चालल्यावर पिन काढून तिचे टोक बोटाने चाचपून पाहावे; ते चटका बसण्याइतके गरम लागले तर स्पर्श खराब आहे. फिरवून घट्ट बसणारा सॉकेट लावून घेतला की ही कटकट संपते. बॅटरी वेगळीच घेणार असाल तर ती फ्रीजशेजारी ठेवणे अधिक शहाणपणाचे, मग फ्रीजची वायर हातभरच लागेल. लिथियम बॅटरीला संरक्षणाची खालची पातळी निवडावी, कारण तिची स्वतःची रक्षक यंत्रणा असते. शिशाच्या बॅटरीला मधली.

सौर पॅनेलबाबत: १०० वॅटच्या पॅनेलला पाच तास पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळाला आणि एकंदर ७० टक्के वीज पदरात पडली असे धरले, तर ३५० वॅट-तास म्हणजे २७-२८ अँपिअर-तास मिळतात. स्वच्छ हवेत फ्रीजचा दिवसाचा खर्च जवळपास निघतो. अडचण अशी की आपल्याला सावली हवी असते आणि पॅनेलला ऊन. म्हणून छतावर कायमचे बसवलेल्या पॅनेलपेक्षा लांब वायरचे, घडी घालता येणारे पॅनेल मला बरे वाटते. मोटार झाडाखाली आणि पॅनेल उन्हात.

प्रतिसाद ४

थोडा वेगळा विचार मांडतो. तिन्ही ठिकाणी एकच फ्रीज हा आग्रह कशासाठी? ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज रिकामाच १५ ते २० किलोचा असतो. सामान भरल्यावर तो धक्क्यावरून हलत्या होडीत उतरवणे हे दोन माणसांचे काम आहे. होडीवर तो पट्ट्यांनी घट्ट बांधावा लागतो आणि होकायंत्रापासून दूर ठेवावा लागतो, कारण मोटर आणि वायरमधील प्रवाह सुई विचलित करू शकतात. खाऱ्या हवेत साध्या सॉकेटची पितळी टोके लवकर हिरवी पडतात. होडीचे इंजिन पेट्रोलचे असेल तर ठिणगी पडू शकेल असे कोणतेही उपकरण इंजिनाच्या कप्प्यात किंवा पेट्रोलची वाफ साचेल अशा जागी ठेवायचे नसते.

होडीवर दिवसभराचाच फेरा असेल तर आपली बर्फपेटी टाकून देऊ नका. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॅट-तास उष्णता शोषतो, म्हणजे पाच किलो बर्फात साडेचारशेहून अधिक वॅट-तासांचा थंडावा साठलेला असतो, तोही वायर आणि बॅटरीशिवाय. सुटा बर्फ भरण्याऐवजी बाटल्यांत पाणी गोठवून न्यावे, म्हणजे डबे तरंगणार नाहीत आणि वितळलेले पाणी पिताही येईल.

धागाकर्ता

हे पटले. होडीवर रात्रीचा मुक्काम क्वचितच होतो, त्यामुळे तेथे बर्फपेटी आणि मोटारीत व तंबूजवळ कॉम्प्रेसर फ्रीज अशी विभागणी करतो. ४० लिटर चौघांना पुरतील का, की दोन कप्प्यांचा मोठा घ्यावा? आणि इन्सुलिन फ्रीजमध्ये नेमके कोठे ठेवावे?

प्रतिसाद २

आपण सांगितलेल्या सामानाला ४० लिटर पुरतात, मात्र पाण्याच्या सगळ्या बाटल्या आत कोंबायच्या नाहीत. दहा लिटर पाणी ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायचे तर ३०० वॅट-तास उष्णता बाहेर काढावी लागते आणि त्या पायी कॉम्प्रेसर अर्धा दिवस थांबत नाही. सगळे सामान आदल्या रात्री घरीच थंड करून, फ्रीजही घरच्या विजेवर आधी गार करून मगच निघावे. दोन कप्प्यांमुळे मधल्या भिंतीत जागा जाते आणि वीजही अधिक लागते. आपल्याला गोठवायचे नसेल तर गरज नाही. झाकण वर उघडणारेच घ्यावे. थंड हवा जड असते, समोरचे दार उघडले की ती पायाशी सांडते.

माहितीपत्रकात हवामानाचा वर्गही पाहावा. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८ पर्यंत आणि टी ४३ पर्यंत. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीत याहून अधिक तापते, तेव्हा काच थोडी उघडी, वर सावली आणि फ्रीजच्या जाळीसमोर वीतभर मोकळी जागा हवीच. जाळीला टेकून अंथरुणाची वळकटी ठेवली की सगळे हिशेब कोलमडतात.

इन्सुलिनसाठी फ्रीजच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. तो आकडा संवेदक जेथे बसवला आहे तेथला असतो. पडदा ४ अंश दाखवत असताना तळाशी भिंतीला टेकलेल्या बाटलीत बर्फाचे पापुद्रे धरू शकतात, कारण गार करणाऱ्या नळ्या त्याच भिंतीत असतात. इन्सुलिन कापडात गुंडाळून डब्यात घालावे आणि तो डबा वरच्या टोपलीत, भिंतीपासून दूर ठेवावा. कमाल आणि किमान तापमान नोंदवणारा छोटा तापमापक त्याच डब्यात असू द्यावा, आणि आधी घरी दोन रात्री फ्रीज चालवून त्यातील किमान आकडा पाहावा. तो २ च्या खाली गेला असेल तर फ्रीज ५ किंवा ६ वर लावावा. वापरात असलेल्या पेनला बहुधा फ्रीज लागतच नाही. बहुतेक प्रकार सामान्य तापमानात सुमारे चार आठवडे टिकतात, तरी नेमकी मुदत आणि तापमान औषधासोबतच्या पत्रकात पाहून घ्यावे.

प्रतिसाद ३

एक राहिले. वायर स्वतंत्र टाकणार असाल तर फ्यूज बॅटरीच्या धन टोकाशेजारी बसवावा, फ्रीजजवळ नव्हे. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो दुसऱ्या टोकाला असेल तर मधली सगळी वायर उघडी राहते आणि पत्र्याला घासून आवरण फाटले तर आग लागू शकते. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरला १५ अँपिअरचा फ्यूज योग्य होईल.