अनुभव धागा: देवाच्या वेळेची वाट पाहताना

मी पैठणची. आमच्या गावात, नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. देवानं श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी बारा वर्षं पाणी भरलं, तो हाच रांजण असं आम्ही मानतो. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि माणसं गोदावरीच्या घागरी आणून त्यात ओतायला लागतात. नाथषष्ठीच्या आसपास केव्हातरी तो भरून वाहतो. कोणाच्या घागरीनं वाहील, हे आधी कुणालाच कळत नाही. लहानपणी आज्जीचा पदर धरून मी विचारायचे, "आज भरंल का गं?" ती म्हणायची, "तू घागर आन. भरायचं त्याच्याकडं हाय."

मला हे उमगायला सात वर्षं लागली. डी.एड. झालं आणि २०१२ पासून शिक्षकभरतीच थांबली. अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, निवड यादी लागली ऑगस्ट २०१९ मध्ये. मधल्या काळात गल्लीतली पोरं घरी शिकवली, शिलाई केली आणि वडिलांची शेवटची दीड वर्षं त्यांच्या उशाशी काढली. लांबच्या जिल्ह्यात आधीच नोकरी लागली असती, तर ती दीड वर्षं मला मिळाली नसती. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा ते दाखवायला वडील नव्हते, हेही तितकंच खरं. ते पत्र मी आधी त्यांच्या फोटोपुढं ठेवलं, मग देवापुढं.

तुम्ही कशासाठी थांबलात, थांबताना मन कसं राहिलं, ते लिहा. चमत्कारच पाहिजे असं नाही. नाव नको, गाव पुरे.

परभणी

चार वर्षांमागं मृगात पाऊस पडला आन समद्या शिवारात तिफणी चालू झाल्या. माझा एक बैल बसला, ट्रॅक्टरवाल्याकडं नंबर लागंना. बांधावर बसून पांडुरंगाला लई बोललो. ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याबिगर पेरू नका म्हणून कृषी विद्यापीठ दरसाल सांगतंय, पण शेजारी पेरायलाय म्हणल्यावर धीर निघतो का? पुढं पंचवीस दिवसांचा खंड पडला. लोकांचं सोयाबीन जळालं, दुबार पेरणी आली. माझी पहिलीच पेरणी पुनर्वसूत झाली, ती साधली.

पण शेजारी माझ्यासंगं वारीला येणारा माणूस. त्याचं जळावं आन माझं राहावं, हे देवानं निवडून केलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझ्याकडं दीड बॅग बी उरलं होतं, ते त्याला दिलं. मला उशीर कशापायी झाला, तर ह्याच्यापायी झाला, असं म्या धरलं.

लातूर

लेकीचं लग्न एप्रिल २०१६ मध्ये धरलं होतं. त्याच महिन्यात, १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, ५ लाख लिटर घेऊन. वऱ्हाडाला पाणी कुठून पाजणार? तारीख पुढं ढकलू म्हणालो, तर सोयरीकच मोडली. लेकीपुढं उभं राहायची लाज वाटायची.

लग्नाच्या घाईत मीच तिचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यात सोडायला लावलं होतं. ते तिनं पुढच्या दीड वर्षात पुरं केलं, मग लग्न झालं. चूक माझी होती. ती दुरुस्त करायला देवानं मला वेळ दिला, असं मी मानतो.

नांदेड

तीन वर्षांमागं गाडी चुकली, मुलाखत हुकली. का हुकली ते अजून कळलं नाही. सकाळी हुजूर साहिबला लंगरात रोट्या लाटायला जातो. तिथून निघालो की दिवस निभतो.

मूळचा किल्लारीचा

२९ सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाचा दिवस. मी औशात कामाला होतो. मालकानं उशिरा सोडलं, गावाकडची शेवटची एसटी गेली. रात्रभर चडफडत दुकानाच्या ओट्यावर पडलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. गावात पोचलो तर आमची गल्ली राहिली नव्हती, दगडमातीचा ढीग होता. त्याच्याखाली आई आणि दोन बहिणी.

"देवानं तुला राखलं," असं जो तो सांगायचा. मला ते ऐकवत नव्हतं. मग माझ्या आईला का नाही राखलं? बारा वर्षं तुळजापूरची पायरी चढलो नाही. पुढं मुलीच्या जावळासाठी बायको हट्टाला पेटली म्हणून गेलो. भवानीपुढं काही मागितलं नाही, नुसता हुंदके देत उभा राहिलो. मागच्या रांगेतल्या एका अनोळखी म्हातारीनं पाठीवर हात ठेवला, "रड लेकरा." उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण तेव्हापासून दरसाल जातो. भांडायला का होईना, आईकडंच जायचं ना.

एक विनंती आहे. कुणी वाचला तर त्याला "तुझी वेळ आली नव्हती" असं पटकन म्हणू नका. आधी त्याच्याजवळ बसा.

परळी

लग्नाला नऊ वर्षं झाली, पाळणा हलला नाही. दर सोमवारी वैजनाथाला जाते. वरचं सगळं दोनदा वाचलं. माझ्या गोष्टीला अजून शेवट नाही, तरी लिहू का?

पैठण

लिहा ना ताई. दवाखान्याचं चालू ठेवा. मी षष्ठीला पहाटे गोदावरीवर जाते, यंदा घागरी दोन आणीन.