खुणा जुळतायत तरी डिझेल इंजिनचं इंजेक्शन टायमिंग लेट कसं?

डिझेलवेडा:
जुनं चार सिलिंडरचं इंजिन आहे, इनलाइन डिझेल पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारा दट्ट्या), गिअरवर चालणारा. सकाळी स्टार्ट केलं की बराच वेळ पांढरा धूर, पिकअप मेलाय, डिझेलही जास्त खातंय. कव्हर काढून बघितलं तर गिअरच्या खुणा एकदम बरोबर, पंपाचे बोल्टही हललेले नाहीत. पण एक नंबर सिलिंडरचं स्पिल टायमिंग (पंप डिझेल दाबायला नेमकं कधी सुरू करतो त्याचं माप) घेतलं तर ३ डिग्री लेट! मेकॅनिक म्हणतो गिअरचं टायमिंग सरकूच शकत नाही, तुमचंच मोजायला चुकलं. मग हे ३ डिग्री गेले कुठे?

तेलकट_हात:
क्रँक उलटा फिरवून मोजलं नाही ना? मग दातांमधला प्ले उलट्या बाजूला जातो आणि आकडा खोटा येतो. नसेल तर तुमचं बरोबर आहे. अहो खूण जुळली म्हणजे दात चुकला नाही, एवढंच. खरं इंजेक्शन सुरू होतं प्लंजर वर जाऊन बॅरलचं (तो ज्या नळीत सरकतो तिचं) भोक बंद करतो तेव्हा, आणि क्रँकपासून तिथपर्यंत आयडलरचा (मधल्या गिअरचा) बुश, गिअरचे दात, कपलिंग, कॅम, त्यावर फिरून प्लंजर उचलणारा रोलर, रोलरची पिन, एवढी मंडळी आहेत, प्रत्येकजण थोडं थोडं खातो. रोलर झिजला की प्लंजर खाली बसतो, भोक बंद करायला कॅमला जास्त फिरावं लागतं, झालं लेट. शिवाय पंप क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतो, म्हणजे तुमचे ३ डिग्री पंपावर दीडच. चारही सिलिंडर मोजा. एकच लेट असेल तर त्याचा टॅपेट (रोलर बसतो तो भाग) आणि रोलर, सगळे सारखे लेट असतील तर गिअरकडे बघा.

नोझलवाला:
यात नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) उलटा खेळ करतं. त्याची स्प्रिंग ढिली पडली की ते कमी प्रेशरला उघडतं, म्हणजे लवकर. मी एकदा नोझल नवीन प्रेशरला सेट करून आणले आणि इंजिन आधीपेक्षा मंद झालं, डोकं धरून बसलो. पंप आधीच लेट होता, ढिले नोझल ते झाकत होते! आणि एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) झिजलं असेल तर ते स्पिल टायमिंगमध्ये दिसत नाही हां. स्टार्टरच्या स्पीडला डिझेल बाजूने निसटतं, प्रेशर उशिरा बनतं, त्यात गरम इंजिनात डिझेल पातळ, म्हणून गरम असताना स्टार्टिंगला जास्त रडतं.

चेनपट्टा:
रोटरी पंपात (दुसऱ्या प्रकारचा डिझेल पंप) अजून एक भानगड, आतला डिझेलला प्रेशर देणारा छोटा व्हेन पंप झिजला की प्रेशर कमी, अ‍ॅडव्हान्सचा पिस्टन (स्पीड वाढला की टायमिंग लवकर करणारा) पूर्ण सरकत नाही. आयडलला टायमिंग बरोबर दिसतं आणि वरच्या स्पीडला लेट.

डिझेलवेडा:
उलटा नव्हता फिरवला. आज चारही मोजले, १-३-४-२ या फायरिंगच्या क्रमाने, सगळे जवळपास ३ डिग्रीच लेट. आयडलर हाताने हलवला तर बुश चक्क खडखडतोय, कपलिंगलाही प्ले आहे. तात्पुरतं पंप फिरवून टायमिंग आणू का?

तेलकट_हात:
आधी बुश आणि कपलिंग. लूज गिअरवर सेट केलेलं टायमिंग परत सरकणार, आणि दातही खराब होतील. ते झालं की मग पंप फिरवा.