कळांसाठी कॉलोफायलम: गोळ्या आणि मदर टिंक्चर एकच समजावे का?

प्रश्न

मला आठवा महिना सुरू आहे. कळा वेळेवर याव्यात म्हणून कॉलोफायलम आणि प्रसूतीनंतरच्या ठणक्यासाठी आर्निका ही होमिओपॅथीची औषधे घ्यावीत, असे घरच्यांच्या परिचयातील एका गृहस्थांनी सुचवले आहे. कॉलोफायलमच्या दोन बाटल्या मिळाल्या. गोळ्यांच्या बाटलीवर ‘३० सी’ लिहिले आहे, तर द्रवाच्या बाटलीवर केवळ ‘क्यू’ हे अक्षर आहे. ‘गुण आला नाही तरी अपाय नाही’ हे दोन्हींना लागू पडते का?

प्रतिसाद १

मुळीच नाही. ‘३० सी’ म्हणजे एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेले औषध. बाराव्या टप्प्याच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता नगण्य असते, त्यामुळे त्या गोळ्यांत व्यवहारतः साखरच असते. ‘क्यू’ म्हणजे मात्र मदर टिंक्चर, म्हणजेच वनस्पतीचा मद्यार्कात काढलेला मूळ अर्क. ही वनस्पती, अर्थात ब्लू कोहोश, उत्तर अमेरिकेतील असून तिच्यात निकोटिनसारखी क्रिया करणारी द्रव्ये आहेत. प्रसूतीपूर्वी ती घेतलेल्या एका मातेच्या नवजात बाळाला हृदयविकाराचा गंभीर त्रास झाल्याची नोंद १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. एका नोंदीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे, तरी ती बाटली उघडू नये असेच मी म्हणेन.

प्रतिसाद २

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मी आर्निकाच्या गोळ्या घेतल्या आणि चार-पाच दिवसांत ठणका ओसरला. पहिल्या खेपेस काहीही न घेता तो तेवढ्याच दिवसांत ओसरला होता, हे मला पुष्कळ उशिरा आठवले. आर्निकाचे मलम किंवा अर्क टाक्यांवर मात्र लावू नका. उघड्या जखमेवर त्याने दाह होतो.

प्रतिसाद ३

होमिओपॅथीने कळा सुरू होतात का, याविषयीच्या कॉक्रेन आढाव्यात (उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) अवघ्या दोन चाचण्या आणि १३३ स्त्रिया होत्या, आणि उपयोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा त्यांतून मिळाला नाही. मला काळजी वाटते ती गोळीपेक्षा तिच्या भरवशावर जाणाऱ्या वेळेची. बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेले, किंवा प्रसूतीनंतर तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागले, तर गोळीचा गुण येण्याची वाट पाहत बसू नये. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिन देतात. त्याची जागा आर्निका घेऊ शकत नाही.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. द्रवाची बाटली बाजूला ठेवली आहे. पुढच्या तपासणीला दोन्ही बाटल्या डॉक्टरांना दाखवीन. गोळ्या आठवडाभर घेत होते, हेही त्यांना सांगावे लागेल.