मदत हवी आहे: बिलातला सर्व्हिस चार्ज परत मिळतो का?

भाऊ लोकहो, वरोऱ्याकडं हायवेवर नवीन बार अँड ग्रिल उघडलं म्हणून रविवारी आम्ही पाच दोस्त गेलो. 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी उठल्यापासून वणीला पळावं लागत नाही, एवढं सुख. ग्रिल्ड चिकन मात्र बाहेरून कोळसा अन् हाडाजवळ गुलाबी. सावजी रस्सा आठवला बाप्पा! वेटरनं मुकाट्यानं परत भाजून आणलं, त्याबद्दल तक्रार नाही.

खरा घोळ बिलात. खाली बारीक अक्षरात 10 टक्के सर्व्हिस चार्ज, अन् 5 टक्के जीएसटी बिअरसकट सगळ्यावर! दारूवर जीएसटी लागतच नाही. अन् ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या सूचनांप्रमाणे सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. मॅनेजर म्हणे, "सिस्टीममधूनच येते ते." रात्र झालेली, दोघांना झोप आलेली, देऊन टाकले पैसे.

बिलाचा फोटो आहे. कोणी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार केली आहे का? काही हाती लागलं का? की आधी मालकालाच भेटू? पुढच्या महिन्यात एका दोस्ताचा वाढदिवस तिथंच ठरला आहे, म्हणून भांडणही नको.