गाण्यांचा क्रम पाहा, खिचडी वाटणार नाही

अमेरिकन गायिका जॅनेट जॅक्सनच्या 'रिदम नेशन 1814' या अल्बममध्ये सामाजिक गाणी आणि प्रेमगीतं यांची खिचडी झाली आहे, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. 1989 चा हा अल्बम सलग ऐकायला हवा. सुरुवातीची तिन्ही गाणी वंशभेद, बेघर माणसं आणि शिक्षण यांवर आहेत. मग जॅनेट बोलून दाखवते, मुद्दा कळला ना, चला आता नाचू; आणि लगेच प्रेमगीत सुरू होतं. हा सांधा मुद्दाम ठेवलाय. शफलवर, म्हणजे गाण्यांचा क्रम उलटसुलट करून ऐकलं की नेमका तोच निसटतो. पुढे अल्बममधली सात गाणी बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचात गेली, त्यात बहुतेक प्रेमाचीच. पण 'रिदम नेशन' हे सामाजिक शीर्षकगीतही दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं, हे विसरू नका.

आणि 'नाचात संदेश कोण ऐकतो' म्हणणाऱ्यांसाठी आमच्या बेळगावचा अनुभव. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही शीर्षकगीत बसवलं होतं. ग्रुपमध्ये शहापूर-वडगावची मराठी पोरं आणि गोकाककडची कन्नड पोरं. तालमीत कुणी 'एक, दोन' मोजायचं, कुणी 'ओंदु, एरडु'. त्या नाचात सगळ्यांचे हात कवायतीसारखे एकाच वेळी झटक्यात हलावे लागतात, एकाचा जरी मागे राहिला तरी लगेच दिसतो. शेवटी तोंडाने मोजणं बंद करून सगळ्यांनी गाण्यातल्या स्नेअर ड्रमचा ठोका धरला, तेव्हा कुठे रांग जुळली. रंगाच्या भिंती संगीताने पाडायच्या, हेच ते गाणं सांगतं. आमच्याकडे भिंत भाषेची, एवढाच फरक. त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला तो अर्थ नाचूनच कळला.